चौकात मान कोणाचा? आपलं सर्कल आणि शंभर वर्षांचा एक वाद

मंडळी, गेल्या सोमवारी सकाळी सातच्या सुमारास स्टँडजवळच्या सर्कलवर अपघात झाला. त्याबद्दल दोन दिवस सारखे फोन आणि मेसेज येतायत. काय झालं ते आधी थोडक्यात सांगतो. दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल सर्कलला वळसा घालत होती. बायपासकडून भाजीचा टेम्पो आला आणि न थांबता आत घुसला. दूधवाल्याच्या मांडीचं हाड मोडलं, रॉड घातलाय. जीव वाचला हे नशीब. घरच्यांनी विनंती केली म्हणून नाव लिहीत नाही. टेम्पोवाल्याचंही लिहीत नाही, कारण ही पोस्ट त्याच्याबद्दल नाही.

पोस्ट आहे नंतर पोलीस ठाण्याच्या आवारात झालेल्या वादाबद्दल. बातमीसाठी मी तिथे गेलो होतो. टेम्पोवाला म्हणत होता, "मी सरळ रस्त्यानं आलो, हाच आडवा आला." दूधवाल्याचा भाऊ म्हणाला, "अरे, तो आधीपासून सर्कलमध्ये होता!" जमलेल्यांपैकी एकाचं म्हणणं, मोठ्या रस्त्यावरच्या गाडीचा मान पहिला. दुसरा म्हणाला, ज्याचं तोंड आधी घुसलं त्याचा. तिसरा म्हणाला, उजवीकडून येणाऱ्याचा. चौथ्याने तर सांगून टाकलं, "ज्याची गाडी मोठी, त्याचा." यावर सगळे हसले, पण खरं सांगायचं तर आपल्या गावात रोज चालतो तो हाच नियम.

मग एकाने माझ्याकडे वळून विचारलं, "काय पत्रकार, तुम्ही सांगा, नियम काय आहे?" लायसन्स काढून मला वीस वर्षं झाली. या चौकावर मी निदान पन्नास बातम्या केल्या असतील. तरी मला ठामपणे उत्तर देता आलं नाही. लाज वाटली. घरी येऊन शोधायला बसलो आणि त्यातून हे एवढं मोठं लिखाण झालं. वेळ काढून वाचा, कारण सर्कल पाडून तिथे सिग्नल बसवायचा विषय आता पालिकेच्या सभेत येणार असं ऐकतो.

सुरुवात न्यूयॉर्कपासून करावी लागेल. १८६७ साली तिथे विल्यम फेल्प्स इनो नावाचा नऊ वर्षांचा मुलगा आईबरोबर घोडागाडीतून चालला होता आणि गाडी कोंडीत अडकली. मोटारींचा तेव्हा पत्ताच नव्हता. जेमतेम डझनभर घोडागाड्या होत्या, पण कोणी आधी जायचं हे कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून सगळे अडकून बसले. थोडी शिस्त असती तर वाट मोकळी झाली असती, ही गोष्ट त्या पोराच्या डोक्यात कायमची बसली. मोठेपणी याच इनोने न्यूयॉर्कसाठी वाहतुकीचे नियम लिहिले आणि १९०५ साली कोलंबस सर्कलभोवती सगळी वाहनं एकाच दिशेने फिरवायला लावली. गंमत म्हणजे हे गृहस्थ स्वतः कधी मोटार चालवायला शिकले नाहीत असं सांगतात.

त्याच सुमारास पॅरिसमध्ये यूजेन एनार हा वास्तुरचनाकार हाच विचार मांडत होता. १९०७ पासून तिथल्या विजयकमानीभोवती, म्हणजे बारा रस्ते येऊन मिळतात त्या प्लेस द लेत्वालला, वाहनं एका दिशेने फिरू लागली. इंग्लंडमध्ये लेचवर्थ या नव्याने वसवलेल्या गावात १९०९ च्या आसपास पहिलं सर्कल झालं. मधला गोल पायी चालणाऱ्यांना थांबायला उपयोगी पडावा असाही त्यात विचार होता. कुठल्या बाजूने वळायचं याची तिथे सुरुवातीला सक्ती नव्हती, ‘डावीकडून जा’ असा फलक पुढे लागला.

म्हणजे पहिला प्रश्न सुटला तो दिशेचा. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, त्यामुळे आपण सर्कलला घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो आणि मधला गोल कायम आपल्या उजव्या हाताला राहतो. देवळात प्रदक्षिणा घालतो तशी. इतकं तर आपल्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. एखादा घाईवाला रिक्षावाला उलटा वळतो, तेव्हा त्याला आपण चुकतोय हे माहीत असतं.

दुसरा प्रश्न मात्र पन्नास-साठ वर्षं कोणी नीट सोडवला नाही. आत फिरणारा आणि बाहेरून येणारा समोरासमोर आले तर थांबायचं कोणी? आपल्या पोलीस ठाण्यातला वाद तो हाच.

फ्रान्समध्ये जुना नियम आहे, उजवीकडून येणाऱ्याला वाट द्या. साध्या चौकात तो ठीक चालतो. पण फ्रान्समध्ये गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे सर्कलभोवती त्या आपल्या उलट दिशेने फिरतात. परिणामी आत फिरणाऱ्याच्या उजव्या हाताला येतो तो बाहेरून आत घुसणारा. नियमाप्रमाणे आतल्याने थांबायचं आणि बाहेरच्याला आत घ्यायचं. मग पुढच्या तोंडावर पुन्हा तेच, त्याच्या पुढच्यावर पुन्हा तेच. आत येणारे येतच राहतात, बाहेर पडणारा पडू शकत नाही, आणि वाहतूक वाढली की अख्खं सर्कल कुलूप लावल्यासारखं बंद पडतं. प्लेस द लेत्वालला आजही आत येणाऱ्याचाच मान पहिला आहे. तिथला गोंधळ बघायला पर्यटक कमानीच्या गच्चीवर चढतात.

अमेरिकेतही हेच झालं. तिथेही गाड्या उजवीकडून चालतात आणि तिथल्या जुन्या सर्कलांवर आत येणाऱ्याला मान होता. मोटारी वाढल्या, सर्कल अडकू लागली आणि १९५० च्या सुमारास तिथल्या अभियंत्यांचा सर्कलवरचा विश्वासच उडाला. बरीच पाडून सिग्नल बसवले गेले. आज आपल्या गावात "काढून टाका ते सर्कल" म्हणतायत, तसंच. दोष गोलाचा नव्हता, आत आधी कोणी जायचं या नियमाचा होता, हे तिथे पुढची तीसएक वर्षं ध्यानात आलं नाही.

इंग्लंडची गाडी आपल्यासारखीच डावीकडून, पण तिथे सर्कलवर कोणाचा मान याचा पक्का नियमच नव्हता. अभियंत्यांनी काढलेला उपाय होता सर्कल मोठं करत नेण्याचा. गोल जितका मोठा, तितकी दोन तोंडांमधली जागा लांब, आणि तेवढ्या जागेत आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या गाड्या चालता चालता एकमेकींतून वाट काढतील, अशी कल्पना. गर्दी वाढली की तिथेही कोंडी व्हायची. जागा मात्र एकरांनी जायची.

तिथल्या सरकारी रस्ते संशोधन प्रयोगशाळेत फ्रँक ब्लॅकमोर नावाचा अभियंता होता. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काही सर्कलांवर साधा प्रयोग केला. बाहेरून येणाऱ्याने तोंडाशी थांबायचं, उजवीकडून म्हणजे सर्कलमधून येणाऱ्याला जाऊ द्यायचं, फट मिळाली की आत शिरायचं. बाकी काहीही बदललं नाही. तेवढ्यावर सर्कलमधून जाणारी वाहनं सुमारे १० टक्क्यांनी वाढली, थांबून राहण्याचा वेळ आणि जखमी करणारे अपघात सुमारे ४० टक्क्यांनी घटले. नोव्हेंबर १९६६ मध्ये ब्रिटनने हा नियम देशभर लागू केला. एवढा मोठा बदल झाला तो एका छोट्या वाक्यातून: आतल्याला आधी जाऊ द्या.

त्यातून आणखी एक गोष्ट निघाली. बाहेरचा थांबणारच असेल तर सर्कल मोठं असण्याची गरजच काय? ब्लॅकमोरने गोल लहान करत नेले. नुसता रंगवलेला पांढरा ठिपका म्हणावा इतकी छोटी सर्कल १९७० च्या आसपास तिथल्या अरुंद चौकांत आली. १९७२ साली स्विंडन गावात त्याने पाच छोटी सर्कल एका मोठ्या गोलाभोवती बसवली. लोक त्याला जादूचं सर्कल म्हणतात आणि ते आजही चालू आहे. फ्रान्सने १९८३ साली नव्या सर्कलांपुरता आपला जुना नियम फिरवला आणि आतल्याला मान दिला. ‘तुमचा मान पहिला नाही’ असे फलक तोंडातोंडाशी लागले, आणि नंतर त्या देशात सर्कलांचं पीकच आलं. अमेरिकेत या नव्या पद्धतीची पहिली सर्कल १९९० साली नेवाडा राज्यात झाली. तिथल्या दोन डझन चौकांचा आधीचा आणि नंतरचा हिशोब पुढे एका अभ्यासात मांडला गेला. एकूण अपघात चाळीसएक टक्क्यांनी कमी झाले होते, आणि माणसं जखमी होणारे अपघात तीन चतुर्थांशाच्या आसपास.

असं का होतं हे समजायला अभियंता असायची गरज नाही. साध्या चार रस्त्यांच्या चौकात गाड्यांच्या वाटा एकमेकींना ३२ ठिकाणी भिडू शकतात. सर्कलवर ८ ठिकाणी. शिवाय वळायचं म्हणून वेग कमी करावाच लागतो, आणि टक्कर झालीच तर ती समोरासमोर किंवा थेट कुशीत बसत नाही, तिरकी बसते. पण या सगळ्याला अट एकच आहे, तोंडाशी वेग कमी करायचा. सोमवारी नेमकं तेवढंच झालं नाही.

आता फलकाकडे येऊ. ‘थांबा’चा फलक जुना, अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये १९१५ साली लागला. त्याला आठ कोनांचा आकार १९२३ च्या सुमारास मिळाला. पण थांबणं वेगळं आणि वाट देणं वेगळं. कोणी येत नसेल तर थांबायचं कशाला? या मधल्या गोष्टीसाठी अमेरिकेत फलकच नव्हता. तो बनवला तुल्सा शहरातल्या क्लिंटन रिग्ज या पोलीस अधिकाऱ्याने. १९५० साली शहरातल्या एका अतिशय वाईट चौकात त्याने ‘वाट द्या’ असा पिवळा फलक लावला. त्याच्या डोक्यात नुसती वाहतूक नव्हती. अपघात झाल्यावर दोन्ही चालक "मी आधी आलो" म्हणतात आणि दोष कोणाचा ते ठरत नाही, हे त्याने नोकरीत रोज पाहिलं होतं. फलक असला की कोणी थांबायला हवं होतं हे आधीच ठरलेलं असतं. हे वाचताना मला आपल्या ठाण्याचं आवार आठवलं. तो माणूस आपल्याच प्रश्नाला भिडला होता.

उलटा त्रिकोण युरोपात त्याच्याही आधीपासून होता. अमेरिकेने तो आकार १९५४ साली घेतला. ब्रिटनमध्ये वॉरबॉइज समितीच्या शिफारशींवरून १९६५ पासून सगळे फलक नव्याने आले. त्यांची रचना जॉक किनियर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट या दोघांची. १९६८ च्या व्हिएन्ना कराराने हाच उलटा त्रिकोण बहुतेक जगाचा झाला. आपल्याकडेही तोच आहे: पोट पांढरं, काठ लाल, टोक खाली. आकार मुद्दाम वेगळा ठेवलेला आहे. टोक खाली असलेला फलक हा एकच, त्यामुळे रंग उडाला, धूळ बसली किंवा मागून पाहिलं तरी ओळखू येतो. समोरच्या रस्त्यावरच्या माणसाला फलकाची पाठ दिसली तरी कळतं, की त्या बाजूच्याने आपल्याला वाट द्यायची आहे.

आता आपल्या देशात काय आहे ते. सर्कल आपल्याला नवी नाहीत. १९३१ साली उद्घाटन झालेली नवी दिल्ली तर सर्कलांवरच बेतलेली आहे, आणि नंतर चंदीगडही. मुंबईत किंग्ज सर्कल, खोदादाद सर्कल ही नावं आपल्या तोंडात आहेत. रस्ते आणि फलक कसे असावेत याचे मानक ठरवते ती इंडियन रोड्स काँग्रेस. ती १९३४ साली ज्या समितीच्या शिफारशीवरून जन्माला आली तिचे अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. या संस्थेने १९७६ साली सर्कलांसाठी मार्गदर्शिका काढली. ती जुन्या ब्रिटिश विचाराची, म्हणजे मोठा गोल आणि एकमेकींतून वाट काढणाऱ्या गाड्या. आपल्या गावोगावची सर्कल त्याच काळातल्या विचाराने बांधलेली दिसतात. २०१७ साली तीच मार्गदर्शिका नव्याने लिहिली गेली.

आणि कायदा? १९८९ च्या वाहतूक नियमांत लिहिलं होतं, की चौकात शिरताना मुख्य रस्त्यावरच्या वाहनांना वाट द्या, आणि बाकी ठिकाणी उजवीकडून येणाऱ्याला. आपण डावीकडून चालत असल्यामुळे सर्कलच्या तोंडाशी उजवीकडून येणारा म्हणजे आत फिरणाराच. फ्रान्सला ज्या नियमाने अडकवलं, तोच आपल्याकडे सरळ पडतो. पण "मुख्य रस्ता" या शब्दाची पळवाट होती, आणि हायवेवरून येणारा प्रत्येक जण स्वतःला मुख्यच समजतो. मग २०१७ साली केंद्राने नवे मोटार वाहन चालन विनियम आणले. त्यात सर्कलचा वेगळा उल्लेख आहे: सर्कलमध्ये आधीपासून असलेल्या वाहनाचा मान पहिला, बाहेरून येणाऱ्याने त्याला वाट द्यायची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हे विनियम मोडले तर ५०० ते १००० रुपये दंडही आहे.

तर ठाण्यातल्या प्रश्नाचं उत्तर हे. बायपास कितीही मोठा असो, सर्कलच्या तोंडाशी त्याचा मोठेपणा संपतो. दूधवाला आत होता, मान त्याचा होता.

पण आता दुसरी बाजूही सांगतो. मंगळवारी सकाळी मी सर्कलची चारही तोंडं पायी फिरून आलो. उलटा त्रिकोण मला एका ठिकाणी सापडला. बायपासच्या तोंडाला. आणि तो एका भाऊंच्या वाढदिवसाच्या फ्लेक्समागे होता. शुभेच्छुकांच्या चाळीस फोटोंच्या मागे. फ्लेक्स वाकवून बघितला तेव्हा लाल काठ दिसला. रस्त्यावरची थांबण्याची तुटक पांढरी रेघ तर गेल्या डांबरीकरणात गेली ती पुन्हा मारलीच नाही. नियम माहीत नसणं ही पळवाट होत नाही, मान्य. पण ज्या टेम्पोवाल्याला कोणी कधी शिकवलं नाही आणि जिथे फलक झाकलेला होता, तिथे सगळा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारून आपण घरी जाऊन झोपणार का? तो फ्लेक्स मी अपघाताच्या आधी आठ दिवस रोज बघत होतो. त्याच्यामागे काय आहे हे मलाही सुचलं नाही.

आणि लायसन्सची चाचणी आठवून बघा. आठचा आकडा काढायला लावतात, चार फलकांची नावं विचारतात. सर्कलच्या तोंडाशी नेऊन "आता कोण आधी जाईल?" असं तुम्हाला कोणी विचारलं होतं? मला तरी नाही.

सिग्नलवाल्यांचंही म्हणणं उडवून लावत नाही. सर्कलला मर्यादा असते. १९७६ च्या त्या मार्गदर्शिकेत सगळ्या रस्त्यांची मिळून तासाला सुमारे ३००० वाहनं ही वरची हद्द धरली होती. त्यापुढे सिग्नलच लागतो. शाळेची पोरं आणि बाजारकरी मोठ्या संख्येने पायी ओलांडत असतील तर नुसतं सर्कल त्यांना वाली नसतं, झेब्रा पट्टे आणि थांबायला जागा वेगळी द्यावी लागते. म्हणून माझं म्हणणं इतकंच, की आधी मोजा. सकाळी आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळी चार पोरं बसवून एक आठवडा गाड्या मोजल्या तरी आकडा कळेल. आकडा हद्दीबाहेर असेल तर खुशाल सिग्नल बसवा. पण न मोजता, नियम एकदाही न पाळता सर्कल पाडणं म्हणजे अमेरिकेने १९५० च्या सुमारास केलेली चूक आपण आज गावच्या पैशाने करणं. आणि वीज गेल्यावर आपल्या गावात सिग्नलचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

तोवर तीन गोष्टी करता येतील, आणि त्यांना फार पैसे लागत नाहीत. चारही तोंडांना ‘वाट द्या’चा उलटा त्रिकोण. प्रत्येक तोंडाशी तुटक पांढरी रेघ. आणि सर्कलच्या पन्नास पावलांत एकही फ्लेक्स नाही, मग तो भाऊंचा असो, दादांचा असो की आमच्या पत्रकार संघाचा. पालिकेत उद्या मी हा अर्ज देतोय. सोबत ज्यांना सही करायची आहे त्यांनी सकाळी अकराला पालिकेच्या दारात या.

चौथी गोष्ट मात्र आपल्यालाच करायची आहे. मान म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पुण्यात विसर्जनाला कसबा गणपती पहिला निघतो, मग तांबडी जोगेश्वरी, मग गुरुजी तालीम. मागचा गणपती उंचीने कितीही मोठा असला तरी मानाच्या गणपतीच्या पुढे कोणी घुसत नाही. रोजचं उदाहरण हवं तर आपल्या एसटीच्या दाराशी उभं राहा. आतले उतरायच्या आधी बाहेरचे चढायला लागले की दारातच सगळे अडकतात, पोरं रडतात, कंडक्टर ओरडतो आणि गाडीला उशीर होतो. "आधी उतरू द्या हो!" असं म्हणणारी एखादी मावशी दाराशी असली की दोन मिनिटांत गाडी रिकामी होते आणि भरतेही.

सर्कलच्या तोंडाशी आल्यावर फक्त ती मावशी आठवा. उजवीकडे बघा. आतल्याला आधी जाऊ द्या.

दूधवाला दोन-तीन महिने तरी घरीच असणार आहे. त्याच्या रतिबाची घरं सध्या त्याचा भाऊ सांभाळतोय, पहाटे साडेपाचपासून, त्याच सर्कलवरून. पोरगा नवीन आहे. दिसला तर त्याला वाट द्या.